दिवसभर चालतेस ना, मग वेगळा व्यायाम कशाला?

नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ३९. घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवतात. जूनमध्ये पहिला पाऊस आला, गच्चीवरचे कपडे काढायला त्या धावल्या आणि ओल्या पायरीवरून घसरल्या. उजवा गुडघा अंगाखाली दुमडला, ‘कट्’ असा आवाज आला. वाटीच्या खालचा टेंडन, म्हणजे वाटीला नडगीच्या हाडाशी बांधणारी दोरी, पूर्ण तुटला होता. चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे मांडीपासून पोटरीपर्यंत ब्रेस, म्हणजे गुडघा सरळ धरून ठेवणारा पट्टा. त्यानंतर पाच आठवडे एक फिजिओ रविवार सोडून रोज घरी आले. भेटीचे ५०० रुपये, म्हणजे १५,००० रुपये गेले.

आज अकरा आठवडे झालेत. गुडघा ९० डिग्रीच्या आसपास येऊन अडतो आणि तीन आठवड्यांपासून तिथेच आहे. पाय सरळ उचलला की गुडघा थोडा ढिला पडतो. मांडी बारीक झाली आहे. फिजिओ थांबवावे लागले. यजमान म्हणतात, “दिवसभर घरात चालतेस ना, मग वेगळा व्यायाम कशाला? करायचाच असेल तर मोबाइलवर व्हिडिओ पाहून कर.” सासूबाई म्हणतात, “कायले रोज पाय पिळून घ्याचा? मालिशवाल्याले बोलावू, आठ दिवसांत मोकळा करून देते तो.” नणंदेचा आग्रह मोठ्या क्लिनिकचा, तिथे मशीन असतात म्हणून. तीन आठवड्यांवर महालक्ष्म्या आल्या आहेत आणि खाली बसून पूजा करायची ताईंची इच्छा आहे.

शेवटी त्या लिहितात : “फिजिओदादा असले की व्यायाम होतो. ते गेले की दिवसभरात एकदाही होत नाही. दुखलं की मी थांबते. मी आळशी आहे का? घरच्या घरी हे होतं का, की मी उगाच ताणून धरलं आहे?”

ताई,

आधी आळसाचं बोलू, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांच्या खाली तोच दबलेला दिसतो.

गुडघ्याला मोठी दुखापत झाली, आत सूज राहिली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून येणारा हुकूमच अर्धा होतो. शरीर स्वतःच तो स्नायू बंद करून ठेवतं. तुम्ही कितीही जोर लावायचं ठरवलं तरी मांडी पूर्ण आवळली जात नाही, आणि न आवळलेला स्नायू आठवडाभरातही बारीक दिसायला लागतो. तुमचे तर सहा आठवडे ब्रेसमध्ये गेले. पाय उचलताना गुडघा ढिला पडतो तो बहुधा त्यामुळेच. यात तुमच्या स्वभावाचा काही दोष नाही. मी बारा वर्षं नागपुरात घरोघरी फिजिओथेरपी करते आहे आणि अगदी शिस्तीच्या, पहाटे उठून फिरायला जाणाऱ्या माणसांची मांडीसुद्धा अशीच बंद पडलेली पाहिली आहे. ती पुन्हा चालू करावी लागते, आणि त्यासाठी दिवसातून अनेकदा, थोडं थोडं, लक्ष देऊन आवळावं लागतं.

आता यजमानांचं म्हणणं. दिवसभर चालणं म्हणजे व्यायाम, असं त्यांना वाटतं, आणि तुमच्या पत्रावरून तुम्हालाही ते अर्धं पटलेलं दिसतं. एक प्रयोग करा. घरात वजनकाटा असेल किंवा शेजारून मिळत असेल तर तो जमिनीवर ठेवा आणि त्याच्या शेजारी तेवढ्याच उंचीची पुस्तकं. उजवा पाय काट्यावर, डावा पुस्तकांवर, एक हात भिंतीला. नेहमी ओट्याशी उभ्या राहता तशाच उभ्या राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी काटा वाचू द्या. तुमचं वजन ६० किलो असेल तर काट्यावर ३० च्या आसपास यायला हवं. मला वाटतं बरंच कमी येईल. दुखऱ्या पायाला वाचवायचं शरीर इतक्या हुशारीने शिकतं की पोळ्या लाटताना, भांडी घासताना, दाराशी कुणाशी बोलताना सगळा भार डाव्या पायावर जातो आणि आपल्याला पत्ताही नसतो. म्हणजे दिवसभराच्या चालण्याने तुमचा डावा पाय मजबूत होतो आहे. उजव्याचं वाचवणं तेवढं पक्कं होतं आहे.

हा काटा यजमानांनाच वाचायला सांगा. वाद घालायची गरज पडणार नाही.

दुसरी समजूत तुमची स्वतःची आहे, आणि तिला आमचा व्यवसायही जबाबदार आहे. फिजिओ घरी येऊन गेले म्हणजे आजची फिजिओथेरपी झाली, असं तुम्ही धरून चालला आहात. त्या पाऊण तासात काय काय व्हायचं ते आठवा. वीस मिनिटं मशीनच्या पट्ट्या लावून पडून राहणं, दहा मिनिटं त्यांनी तुमचा पाय वाकवणं, उरलेल्या वेळात तुम्ही स्वतः केलेलं काहीतरी. तुमच्याकडे असंच होतं की नाही ते मला ठाऊक नाही, पण अनेक घरांत असंच असतं. शेकाच्या किंवा करंटच्या मशीनने थोडा वेळ बरं वाटतं, त्यात वाईट काही नाही. मांडीचा स्नायू आवळायला मदत करणारं स्टिम्युलेशन तर सुरुवातीच्या काळात खरंच उपयोगी पडतं. पण टेंडनला आणि स्नायूला ताकद येते ती तुम्ही स्वतः लावलेल्या भाराने. ते फिजिओ दिवसाच्या चोवीस तासांतला पाऊण तास तुमच्याजवळ होते. सवा तेवीस तास गुडघा तुमच्याकडेच होता.

म्हणून घरी की क्लिनिकमध्ये, हा प्रश्न मला दुसऱ्या नंबरचा वाटतो. तुमच्या घरात स्वयंपाकाला वेळ ठरलेली आहे, पाणी भरायला आहे, गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला तारीख आहे. गुडघ्याला वेळ नाही. तो सगळ्यांचं आटोपल्यावर, उरला तर. आणि उरत नाही. याला तुम्ही आळस म्हणता. मी म्हणेन, या घरात तुमच्या अर्ध्या तासाला अजून काम म्हणून कुणी मोजलेलं नाही, तुम्हीही नाही.

आता दुखण्याबद्दल. इथे तुमची भीती मला कळते. एकदा तो ‘कट्’ आवाज ऐकल्यावर प्रत्येक ओढीला तोच आवाज येईल असं वाटत राहतं. तुम्ही शिवणकाम करता म्हणून तुम्हाला कळेल असं सांगते. कापडाची शिवण पहिल्या दिवशी सगळ्यात घट्ट असते आणि वापरून वापरून उसवत जाते. टेंडनचं अगदी उलटं आहे. सुरुवातीच्या दिवसांत तो सगळ्यात कच्चा असतो, सगळा भार डॉक्टरांनी घातलेल्या धाग्यावर असतो. मग शरीर तिथे नवे तंतू विणायला लागतं. सुरुवातीला ते अस्ताव्यस्त असतात. बेताचा, रोजचा ताण मिळाला तर ते ओढीच्या दिशेने रांगेत येतात आणि जाड होतात. टेंडनला स्नायूइतका रक्तपुरवठा नसतो, म्हणून हे काम सावकाश चालतं, महिनोन्‌महिने, वर्षभरापर्यंतही. ताण अजिबात दिला नाही तर तंतू कच्चे राहतात आणि गुडघा आखडतो. घाईने जास्त दिला तर जोड ताणला जातो. तुम्हाला या दोहोंच्या मधून जायचं आहे.

मधली वाट ओळखायची कशी? शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे ऑपरेशनच्या रात्रीचं दुखणं, असं धरा. व्यायाम करताना तीन-चारपर्यंतची ओढ, जडपणा, ताणल्यासारखं वाटणं चालतं. एकाच बिंदूत सुई टोचल्यासारखी चमक आली किंवा गुडघा अचानक सुटल्यासारखा झाला तर तिथे थांबायचं. आणि खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायचा. उठल्यावर गुडघा कालच्याइतकाच असेल तर काल केलेलं बरोबर होतं, तेच चालू ठेवा. कालपेक्षा सुजलेला आणि ताठ असेल तर काल जास्त झालं, आज निम्मं करा. पण बंद करू नका. तुम्ही आजवर दुखलं त्या क्षणी निकाल लावत आलात, त्यामुळे रोज व्यायाम सुरू होण्याआधीच संपतो.

पण हे सगळं सुरू करण्याआधी एक काम आहे. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांना या आठवड्यातच भेटा. तुमचा गुडघा ९० वर आहे एवढ्याने मी घाबरले नसते. तीन आठवडे तिथेच अडला आहे, ही गोष्ट त्यांच्या कानावर जायला हवी. गुडघा बराच काळ अडून राहिला तर पुढे भूल देऊन मोकळा करावा लागू शकतो, आणि ती वेळ टाळायची असेल तर आत्ताच पाहणं बरं. जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या : गुडघा किती डिग्रीपर्यंत वाकवायला परवानगी आहे, पायावर पूर्ण भार चालेल का, ब्रेस कुठे घालायचा आणि कुठे नाही, आत तार किंवा पट्टी घातली आहे का आणि ती काढावी लागेल का, वजन बांधून पाय सरळ करण्याचा व्यायाम कधीपासून. उत्तरं त्यांच्याच हाताने लिहून घ्या. टेंडन किती चांगला जुळला, धागा कसा घातला, हे त्यांनी उघडून पाहिलेलं आहे. पुढे मी जे सांगते आहे ते या कागदाच्या आत बसवायचं. कागद आणि मी यांत फरक पडला तर कागद खरा.

त्यांची हरकत नसेल तर दिवसात तीन बैठका करा, प्रत्येकी दहा मिनिटांच्या. एकदम पाऊण तास नको, तो तुमच्या घरात कधीच मिळणार नाही.

सकाळची, अंथरुणातच. दिवाणावर पाय लांब करून बसा, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्याची मागची बाजू अधांतरी. मांडी आवळून गुडघा खाली दाबा, पाच ते दहा आकडे मोजा, सोडा. दहा वेळा. हात मांडीवर ठेवून स्नायू खरंच कडक होतोय का ते चाचपा, आणि डाव्या मांडीशी ताडून पाहा. मग बोटांनी वाटी हळूच डावीकडे-उजवीकडे, वर-खाली सरकवा. वाटी अडकली असेल तर गुडघा कितीही वाकवला तरी वाकणार नाही. नंतर मांडी आवळलेली ठेवूनच पाय वीतभर उचला. गुडघा ढिला पडला की खाली ठेवा, तो मोजू नका. न ढिला पडता चारच झाले तर आज चारच. मोजायचे ते फक्त सरळ उचललेले.

दुपारची, मशीनजवळ. खुर्चीवर बसा, उजव्या पायाखाली कापडाचा तुकडा टाका आणि गुळगुळीत फरशीवर पाय मागे सरकवत न्या. जिथे ओढ लागते तिथे वीस-तीस आकडे थांबा, श्वास सोडा, मग थोडं आणखी. परत पुढे. पंधरा-वीस वेळा. दुसऱ्या कुणी हाताने रेटायचं नाही. तुमचा गुडघा तुमच्याच ताब्यात राहू द्या, म्हणजे स्नायू भिऊन आवळणार नाही.

संध्याकाळची, ओट्याशी. कुकर लावला की ओट्याला धरून चवड्यांवर वर व्हा, खाली या. मग जेवणाच्या खुर्चीवर एक जाड उशी ठेवून तीवरून उठा-बसा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. काट्याचा प्रयोग आठवा. आठ-दहा वेळा झालं की बसून पायाखाली स्टूल घ्या आणि कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं गुडघ्यावर. पुढे दोन-तीन आठवड्यांनी उशी काढायची. त्याही पुढे देवघरातला न डुगडुगणारा जाड पाट सरकणार नाही अशा चटईवर ठेवून, कठड्याला धरून, उजव्या पायाने त्यावर चढायचं-उतरायचं. दोन-तीन इंचांची ती पायरी जिन्याच्या पायरीपेक्षा किती सोयीची असते ते पाहाल. पण पाटापर्यंत जायचं ते फिजिओने एकदा पाहिल्यावर.

शिवणाच्या मशीनबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, मीच सांगते. गुडघा वाकवून तास-दोन तास लटकत ठेवला की संध्याकाळी सूज येते, आणि सूज आली की मांडी पुन्हा बंद. दर अर्ध्या तासाने उठून घरातल्या घरात एक फेरी. काजं-बटणं, हातशिलाई, उसवणं असलं काम पाय स्टूलवर लांब करून करा. मोटरचं पॅडल असेल तर सध्या डाव्या पायाने चालवून पाहा. पायाने मारायची जुनी मशीन असेल तर तिचं डॉक्टरांना विचारून घ्या.

सासूबाईंच्या मालिशवाल्याला मात्र माझा साफ नकार आहे. शिवलेल्या टेंडनवर रगडून मालिश करणं, पाय धरून झटक्याने वाकवणं, हे त्या पायरीवरच्या पहिल्या घसरण्याइतकंच धोक्याचं आहे. पोटरी सुजलेली, दुखरी असेल तेव्हा तिची मालिश तर अजिबात नको. ऑपरेशननंतर पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पण सासूबाईंना नुसतं ‘नको’ म्हणून बाजूला बसवू नका. त्यांना तुमचं दुखणं पाहवत नाही म्हणून त्या बोलतात. जखम पूर्ण कोरडी आणि भरलेली असेल, डॉक्टरांनी हो म्हटलं, की रात्री पाच मिनिटं खोबरेल तेलाचं बोट घेऊन टाक्यांच्या व्रणावर हलक्या हाताने गोल गोल फिरवायला त्यांना सांगा. व्रण खालच्या थराला चिकटू नये म्हणून हे करायचंच असतं. पत्रात त्यांनी ‘बोलाव’ न म्हणता ‘बोलावू’ म्हटलं आहे. त्यांना सोबत राहायचं आहे.

व्हिडिओंचं काय? माझी खरी हरकत त्यांच्या दर्जाला नाही, पत्त्याला आहे. ‘गुडघ्याचा टेंडन’ असं शोधलं की बहुतेक व्हिडिओ निघतात ते उड्या मारणाऱ्या खेळाडूंच्या दुखऱ्या टेंडनचे. तो तुटलेला नसतो, अतिवापराने खराब झालेला असतो. त्याला उतरत्या फळीवर एका पायाने बसणं, जड वजन हळूहळू उचलणं असे व्यायाम देतात, आणि ते त्याला बरोबरच आहेत. तुमच्या अकरा आठवड्यांच्या शिवलेल्या टेंडनला ते झेपणार नाहीत. त्यापेक्षा तुमच्या फिजिओंना एकदा बोलवा आणि तुम्ही व्यायाम करत असताना तुमच्याच मोबाइलवर तुमचाच व्हिडिओ काढून घ्या, त्यांच्या सूचनांसकट. तो पाहून करा.

मानकापूरच्या मैदानावर किंवा कुठल्याही मैदानावर पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरची तयारी करणारी मुलं हे सदर वाचत असतील. त्यांची तक्रार असते की वाटीच्या खालच्या टोकाला बोट ठेवलं की दुखतं, धावल्या-उडी मारल्यावर जास्त. बाळांनो, तुमचा प्रश्न या ताईंसारखा नाही. नुसत्या विश्रांतीने तुमचं दुखणं जातं आणि धावायला लागलात की परत येतं, कारण टेंडन तेवढाच कमजोर राहिलेला असतो. उड्या आणि वेगाचा सराव कमी करा आणि ताकदीचा व्यायाम सुरू करा. भिंतीला पाठ लावून अर्धं बसून पंचेचाळीस सेकंद धरणं, मध्ये दोन मिनिटं थांबून पाच वेळा, यापासून सुरुवात होते. पुढे एक दिवसाआड जड वजनाचे सावकाश व्यायाम. निदान बारा आठवडे लागतात. आणि मैदानाबाहेर कुणी टेंडनमध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायला सुचवलं तर घेऊ नका. दुखणं थांबतं, पण टेंडन अशक्त होतो.

औषधांचा विषय निघालाच आहे तर ताई, हेही लक्षात ठेवा. पावसाळ्यात पोट बिघडलं की आपण मेडिकल स्टोअरमधून गोळी आणतो. त्यात पुष्कळदा ऑफ्लॉक्सॅसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन असतं. या गटातल्या अँटिबायोटिकांनी टेंडनला इजा व्हायचा धोका वाढतो. गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा की माझा टेंडन शिवलेला आहे, ते दुसरी देतील. साखर तपासली नसेल तर तीही एकदा तपासून घ्या, मधुमेहात टेंडन उशिरा भरतो. आणि जेवणात वरण वाटीभर, पाणी कमी घालून. अंडी चालत असतील तर अंडी. सगळ्यांना वाढून उरलेलं वरण तुमच्या वाट्याला येत असेल तर तेही बदला.

पैशांकडे येते. रोज फिजिओ येण्याची गरज आता तुम्हाला नाही. आठवड्यातून एकदा, पुढे दहा दिवसांतून एकदा पुरे. महिन्याला चार भेटी म्हणजे २,००० रुपये. त्या भेटीत मशीन नको म्हणा. मोजमाप, व्यायाम तपासणं आणि पुढच्या आठवड्याचा लेखी कागद, एवढंच मागा. चांगले फिजिओ आनंदाने करतील. नव्या कुणाला बोलावणार असाल तर फिजिओथेरपीची पदवी आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. तेवढंही जमत नसेल तर मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, तुमच्यापासून लांब नाही. तिथे फिजिओथेरपीचा विभाग आहे, खर्च अगदी थोडा येतो. रांगेत वेळ जातो हे खरं, पण तुम्हाला तिथे रोज जायचंच नाहीये.

नणंदेचं क्लिनिक मी खोडून काढणार नाही. साधारण बारा ते सोळा आठवड्यांनंतर एक वेळ अशी येते की घरातल्या खुर्ची-पाटाचा भार मांडीला कमी पडायला लागतो. तेव्हा सायकल, पायांनी वजन ढकलायचं लेग प्रेस मशीन यांचा खरा उपयोग होतो. आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, असं तेव्हा ठरवता येईल. आत्ता भर पावसात ऑटोतून चढत-उतरत रोज जाणं मला पटत नाही. पुन्हा टेंडन तुटण्याची सगळ्यात मोठी भीती व्यायामात नसते, घसरण्यात असते. त्या गच्चीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ कुणी घासलं का? नसेल तर यजमानांना पहिलं काम हेच. न्हाणीघरात रबरी चटई, भिंतीला धरायला दांडा, देशी संडास असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची. जिना चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी, हात कठड्यावर. आणि कपडे वाळत घालायला सध्या गच्ची नाही.

महालक्ष्म्यांबद्दल वाईट वाटेल असंच उत्तर आहे. यंदा खाली बसू नका. मांडी घालून बसायला गुडघा १३० डिग्रीच्या आसपास किंवा त्याहून जास्त वाकावा लागतो आणि तुम्ही ९० वर आहात. बसण्यापेक्षाही उठणं कठीण. जमिनीवरून उठताना सगळा झटका त्याच टेंडनवर येतो. पूजा खुर्चीवर बसून करा. सोळा भाज्या आणि पुरणाचा घाट तीन दिवस उभं राहून एकटीने घालू नका, भाज्या चिरायला टेबल-खुर्ची घ्या, पुरण वाटायला दुसरे हात घ्या. घरात कुणी म्हणेल की खुर्चीवर कशी पूजा करायची. त्यांना हे पत्र दाखवा. तीन दिवसांच्या बैठका तेवढ्या चुकवू नका. स्थापनेच्या सकाळीही दिवाणावरची दहा मिनिटं आधी, मग अंघोळ.

काही गोष्टींना थांबायचं नाही, त्या मनात पक्क्या ठेवा. पोटरी एकाएकी सुजली, दुखली, गरम लागली तर त्याच दिवशी डॉक्टर. दम लागला किंवा छातीत दुखलं तर तडक इमर्जन्सीत, रात्र असली तरी. ताप, व्रणातून पाणी किंवा पू, वाढती लाली असेल तरी त्याच दिवशी. आणि पुन्हा तसा आवाज आला, वाटी वर सरकल्यासारखी वाटली, पाय सरळ उचलताच येईना, तर पायाला ब्रेस लावून, भार न देता दवाखाना गाठा. टेंडन पुन्हा तुटला असेल तर दिवस घालवून चालत नाही.

आता शेवटचं. तुमच्या गळ्यात दिवसभर टेप असतो. गिऱ्हाइकांची मापं घेता, वहीत लिहिता. उद्या सकाळी तोच टेप घेऊन दिवाणावर पाय लांब करून बसा. वाटीच्या वरच्या काठापासून पंधरा सेंटिमीटर वर खूण करा, दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. मग खुर्चीवर बसून, पाय जमेल तितका मागे घेऊन, मुलाला किंवा यजमानांना बाजूने एक फोटो काढायला सांगा. दर सोमवारी त्याच खुर्चीत, त्याच कोनातून. वहीत गिऱ्हाइकांच्या मापांच्या मागे एक नवं पान काढा, वर स्वतःचं नाव लिहा, आणि खाली तीन रकाने पाडा : तारीख, उजवी, डावी.